नवी कोरी विमानं इंजिनाविना उभी का?

दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर गेल्या काही वर्षांत एक दृश्य अनेकांच्या नजरेला पडलं असेल. आपलं विमान धावपट्टीकडे निघालेलं असतं आणि खिडकीतून लांबवर एअरबसची काही विमानं रांगेत उभी दिसतात. रंग ताजा, काचा शाबूत, वय फार तर पाच-सहा वर्षं. पण पंखाखाली जिथे इंजिन असायला हवं तिथे काहीच नाही. त्यांचे फोटो फिरतात आणि त्याखाली ठरलेले प्रश्न येतात. ही विमानं मोडीत निघाली का? आपण ज्यात बसतो ती तरी धड आहेत का?

थोडक्यात उत्तर असं की या विमानांची इंजिनं तपासणीला आणि दुरुस्तीला गेली आहेत, आणि दुरुस्तीची रांग इतकी लांब आहे की विमान महिनोन् महिने जागेवरून हलत नाही. प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीचं हे इंजिन. तिची मूळ कंपनी आरटीएक्स हिने सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की 2024 ते 2026 या काळात जगभरात सरासरी 350 विमानं यापायी जमिनीवर राहतील. त्यात भारतातल्या विमानांचा वाटा मोठा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही विमानं उभी करण्याचा निर्णय पूर्णपणे बरोबर आहे. चूक झाली ती त्याच्या कितीतरी आधी, इंजिनाची निवड करताना. तेव्हा सगळ्यांनी इंधनाची बचत पै-पैशात मोजली. इंजिन पंखाखाली किती वर्षं टिकेल, या हिशेबाला मात्र तेवढं महत्त्व कुणी दिलं नाही. तो हिशेब आता प्रवासी, कर्मचारी आणि कंपन्या मिळून चुकता करतायत.

आधी इंजिन समजून घेऊ

जेट इंजिनाचं काम मुळात सोपं आहे. पुढून हवा घ्यायची, ती दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तापलेला वायू मागे सोडायचा. तो वायू बाहेर पडताना वाटेत पात्यांची चाकं फिरवतो. या चाकांना टर्बाइन म्हणतात. टर्बाइनच्या दांड्यावर पुढचा मोठा पंखा बसवलेला असतो. टर्बाइन फिरलं की पंखाही फिरतो.

आजच्या प्रवासी विमानाला पुढे ढकलण्याचं बहुतेक काम हा पंखाच करतो. त्याने ओढलेल्या हवेतला अगदी थोडा भाग इंजिनाच्या गाभ्यात जळायला जातो, बाकीची हवा गाभ्याला वळसा घालून थेट मागे जाते. थोड्या हवेला भयंकर वेगाने फेकण्यापेक्षा भरपूर हवेला बेताच्या वेगाने ढकललं तर इंधन कमी लागतं. म्हणून पंखा जितका मोठा तितकं चांगलं.

अडचण इथेच सुरू होते. पंखा मोठा झाला की त्याच्या पात्यांची टोकं फार वेगाने फिरू लागतात, आवाज वाढतो, ताण वाढतो. त्याला सावकाश फिरायचं असतं. टर्बाइनचं उलट आहे. ते जितकं वेगाने फिरेल तितकं कार्यक्षम. दोघं एकाच दांड्यावर असले की दोघांनाही मन मारून फिरावं लागतं.

प्रॅट अँड व्हिटनीने मध्ये गिअरबॉक्स घातला. टर्बाइनच्या साधारण तीन फेऱ्यांमागे पंख्याची एक फेरी. त्यामुळे पंखा 2 मीटरहून मोठा करता आला आणि गाभ्यातून जाणाऱ्या एका भागाला बाहेरून जाणारे सुमारे बारा भाग हवा, असं प्रमाण साधलं. एअरबसच्या ए320 या विमानाची नवी आवृत्ती म्हणजे ए320निओ. तिच्यासाठीच्या या इंजिनाचं नाव पीडब्ल्यू1100जी, बोलीभाषेत जीटीएफ. कंपनीचा दावा होता की आधीच्या पिढीपेक्षा इंधन 16 टक्के कमी लागेल. बचतीचा हा दावा खरा ठरला, आणि ज्या गिअरबॉक्सबद्दल सगळ्यांना धास्ती होती तो तर उत्तम चालला. दुखणं निघालं दुसरीकडेच.

भारतीय कंपन्या या इंजिनावर इतक्या भाळल्या का?

आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठी बाब इंधनाची. त्यावर राज्यांचा कर वेगळा. महाराष्ट्राने मुंबई-पुण्यातला विमान इंधनावरचा व्हॅट 2023 च्या अर्थसंकल्पात 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, त्यावरून आधी किती होता याचा अंदाज यावा. अशा बाजारात कुणी 16 टक्के इंधन वाचवून देतो म्हटलं तर त्याच्याकडे पाठ फिरवणं कठीणच.

इंडिगो आणि गो एअर या दोघींनी याच इंजिनाची ए320निओ विमानं मागवली. गो एअरने 2011 आणि 2016 मध्ये 72-72 अशी एकूण 144 विमानांची मागणी नोंदवली. ताफाच्या ताफा एकाच नव्या इंजिनाच्या भरवशावर. 2016 च्या जानेवारीत हे इंजिन जगात पहिल्यांदा प्रवासी सेवेत आलं आणि मार्चमध्ये ते भारतात उडू लागलं. म्हणजे या इंजिनाच्या बाळरोगांना सर्वांत आधी तोंड देणाऱ्यांत आपण होतो.

धातूचं पीठ

आता मूळ दुखण्याकडे येऊ. टर्बाइनची पाती ज्या जाड चाकाच्या कडेला बसवतात त्याला डिस्क म्हणतात. इंजिनाच्या गाभ्यातली ही डिस्क मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेते. तिच्या कडेला अडकवलेलं प्रत्येक पातं, हातात मावेल एवढंच असलं तरी, फिरताना कित्येक टनांच्या जोराने बाहेर ओढत असतं. आणि हे सगळं रसरशीत तापलेल्या अवस्थेत.

एवढा ताण सोसणारा निकेलचा मिश्रधातू साध्या ओतकामाने नीट बनत नाही. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मोठा नग ओतला की कडा आधी गोठतात, मधला भाग नंतर, आणि मिश्रणातली मूलद्रव्यं सगळीकडे सारखी राहत नाहीत. मिश्रधातूत जितके जास्त घटक, तितका हा घोळ मोठा. म्हणून डिस्कसाठी वेगळा मार्ग घेतात. वितळलेल्या धातूची बारीक धार सोडतात आणि तिच्यावर आर्गॉन वायूचा जोरदार झोत मारतात. धारेचे असंख्य थेंब होतात आणि खाली पडेपर्यंत गोठतात. हाती येतं ते धातूचं पीठ. ते चाळतात, डब्यात भरून हवा काढून घेतात, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन त्याचा सलग गोळा करतात, मग फोर्जिंग करून, म्हणजे तापवून-दाबून, डिस्क घडवतात.

जात्याला नव्याने टाकी लावली की पहिल्या दळणाच्या भाकरीत कच लागते. पीठ बघून ती दिसत नाही, चाळूनही जात नाही, दाताखाली आल्यावरच कळते. प्रॅट अँड व्हिटनीच्या धातूच्या पिठात अशीच कच राहिली. 2015 च्या शेवटच्या तिमाहीपासून 2021 च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत बनलेल्या पिठात नको असलेले सूक्ष्म कण मिसळले होते. त्या काळातली सुमारे 3,000 इंजिनं या शंकेच्या घेऱ्यात आली. आपल्याकडे आलेली सुरुवातीची बहुतेक निओ विमानं त्याच काळातली.

"डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाने काय होणार?"

लगेच काहीच होत नाही, आणि खरी भीती त्यातच आहे. प्रत्येक उड्डाणात डिस्क तापते, ताणली जाते, पुन्हा थंड होते. कणाच्या आजूबाजूचा धातू आणि तो कण सारखे ताणले जात नाहीत. त्या जागी केसाहून बारीक तडा पडतो आणि उड्डाणागणिक थोडा थोडा वाढतो. म्हणून डिस्कचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, उड्डाणांत मोजतात. ठरलेली उड्डाणं झाली की ती दिसायला कितीही चांगली असो, काढून टाकतात. पण हा आकडा निर्दोष धातू गृहीत धरून ठरवलेला असतो. आत कण असेल तर गणितच चुकतं.

पंख्याचं एखादं पातं तुटलं तर इंजिनाच्या बाहेरच्या कवचाने ते आतच अडवलं पाहिजे, अशी अट प्रमाणपत्र देताना असते आणि तशी चाचणी घेतात. डिस्कचं तसं नाही. तिचा तुकडा सुटला तर उडू शकेल अशा वजनाचं कोणतंही कवच त्याला अडवू शकत नाही. त्यामुळे डिस्क फुटूच द्यायची नाही, एवढा एकच उपाय उरतो.

याची किंमत विमान व्यवसायाने मोजलेली आहे. 19 जुलै 1989 रोजी युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-10 विमान डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. 37,000 फुटांवर शेपटातल्या इंजिनाची पंख्याची डिस्क फुटली. तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणा तोडल्या आणि सुकाणू हलेनासं झालं. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत ते सू सिटी या शहरापर्यंत आणलं, हे आजही अविश्वसनीय वाटतं. तरीही 296 पैकी 112 जण गेले. तपासात निघालं ते असं की टायटॅनियमची ती डिस्क घडवताना, धातू वितळवण्याच्या वेळीच, आत एक कडक दोष राहून गेला होता. जवळपास अठरा वर्षं तो तसाच फिरत राहिला. धातू वेगळा, दोषाची जात वेगळी, पण धडा तोच. भट्टीपाशी झालेली चूक दीड-दोन दशकांनी आकाशात उघडी पडू शकते.

त्यामुळे "एवढ्याशा कणासाठी एवढी विमानं उभी?" असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. सू सिटीनंतर तर अजिबात नाही.

मग हे वेळेत लक्षात आलं कसं?

मार्च 2020 मध्ये एका एअरबस ए321 विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली आणि त्याच्या इंजिनातली टर्बाइनची डिस्क फुटून तुकडे कवच फोडून बाहेर आले. वैमानिकाने उड्डाण सोडून दिलं. ते इंजिन जुन्या पिढीचं होतं, पण डिस्क त्याच प्रकारच्या धातूच्या पिठाची. डिसेंबर 2022 मध्ये एका ए320निओच्या जीटीएफ इंजिनातल्या कॉम्प्रेसरचा, म्हणजे हवा दाबणाऱ्या यंत्राचा, एक भाग धाव घेतानाच निकामी झाला. इथेही उड्डाण रद्द झालं. या धाग्यावरून तपास थेट पीठ बनवण्याच्या टप्प्यापर्यंत गेला.

25 जुलै 2023 ला आरटीएक्सने ही गोष्ट जाहीर केली. त्या एका दिवसात तिचा शेअर दहा टक्क्यांच्या आसपास आपटला. सुरुवातीला 1,200 इंजिनं काढून तपासायची होती. सप्टेंबरमध्ये चित्र आणखी स्पष्ट झालं. आधी ठरलेल्या दुरुस्त्यांशिवाय आणखी 600 ते 700 इंजिनं उतरवावी लागणार होती, आणि 2024 च्या पहिल्या सहामाहीत एकाच वेळी 650 पर्यंत विमानं उभी राहतील असा अंदाज होता.

तपासणीला तीनशे दिवस कसे लागतात?

इंजिन उतरवल्यापासून पुन्हा चढेपर्यंत 250 ते 300 दिवस लागतील, हा कंपनीचा स्वतःचा अंदाज होता. त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. मोटारीचं इंजिन दोन दिवसांत उघडून बसवणाऱ्या माणसाला तीनशे दिवस म्हणजे टाळाटाळच वाटणार.

डिस्क इंजिनाच्या अगदी पोटात असते. तिच्यापर्यंत पोचायचं तर इंजिन पंखाखालून उतरवून पूर्ण उकलावं लागतं. मग अल्ट्रासाउंडने, वेगवेगळ्या कोनांतून, डिस्कच्या आत दोष आहे का ते पाहतात. पोटाची सोनोग्राफी करतात त्याच तत्त्वावर, फक्त शोधायचा कण फार लहान आणि धातू फार जाड. अनेक ठिकाणी तपासण्यापेक्षा नवी डिस्क बसवणंच ठरलं. शिवाय इंजिन एकदा उकललं की झिजलेले इतर भागही बदलावेच लागतात.

पण खरा वेळ जातो तो वाट पाहण्यात. हे काम करू शकणारी वर्कशॉप जगात मोजकी, त्यांची क्षमता ठरलेली. डिस्कच्या फोर्जिंगची भट्टी रातोरात दुसरी उभारता येत नाही. आणि नवा सुटा भाग तयार झाला की त्यावर दोघांचा हक्क असतो. जमिनीवर उभ्या विमानाला तो द्यायचा की एअरबसच्या कारखान्यात नव्या विमानासाठी जाणाऱ्या इंजिनात घालायचा? या ओढाताणीत 2025 च्या मध्याला एअरबसकडेही 60 च्या आसपास विमानं पूर्ण तयार होऊन इंजिनाची वाट पाहत होती. कारखान्यात त्यांना ग्लायडर म्हणतात. इंजिन नसलं की पंखांचा तोल बिघडतो, म्हणून त्यांच्या पंखांखाली इंजिनाच्या जागी वजनं टांगून ठेवतात. कोट्यवधी डॉलरचं विमान आणि त्याला लटकणारे ठोकळे, यापेक्षा या संकटाचं नेमकं चित्र मला माहीत नाही.

इंजिन उतरवल्यापासून पुन्हा चढेपर्यंत 250 ते 300 दिवस लागतील, हा कंपनीचा स्वतःचा अंदाज होता. विमान कंपन्या ताफ्याच्या मानाने थोडीच सुटी इंजिनं बाळगतात, कारण एकेका इंजिनात भांडवल भरपूर अडकतं. नेहमीच्या दिवसांत तेवढी पुरतात. सगळ्यांची इंजिनं एकदम उतरली तर कुणालाच पुरत नाहीत. टंचाई अशी की काही ठिकाणी जेमतेम सहा वर्षांची ए321निओ विमानं मोडून त्यांची इंजिनं भाड्याने दिली गेली, कारण उडणाऱ्या विमानापेक्षा सुट्या इंजिनाला भाव जास्त होता.

गो फर्स्ट यामुळेच बुडाली का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती सोडवायला हवी. मुंबईत मुख्यालय असलेल्या गो फर्स्टने, म्हणजे पूर्वीच्या गो एअरने, 2 मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशीपासून उड्डाणं थांबवली. धातूच्या पिठाची बातमी आली ती जुलैत. म्हणजे गो फर्स्टला आडवं केलं ते या इंजिनाच्या त्याआधीच्या दुखण्यांनी.

ती दुखणी बरीच होती. 2018 मध्ये इंजिनातल्या एका सीलचा प्रश्न निघाला आणि विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने इंडिगो-गो एअरची मिळून 11 विमानं उतरवली. 2019 मध्ये मागच्या टर्बाइनची पाती तुटू लागली. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला डीजीसीएने इंडिगोला 97 निओ विमानांची इंजिनं ठरल्या मुदतीत बदलायला सांगितली. त्याच्या जोडीला ज्वलनकक्षाची लवकर होणारी झीज.

आपल्या हवेचा इथे मोठा हात आहे. इंजिनाच्या गरम भागातला वायू पात्यांचा धातू वितळेल त्याहून जास्त तापलेला असतो. पाती टिकतात ती दोन गोष्टींच्या जोरावर. एक, त्यांच्यावरचा उष्णतारोधक लेप. दुसरं, पात्यांना पाडलेली सुईच्या टोकाएवढी छिद्रं, ज्यांतून थंड हवा सतत वाहते. उत्तर भारतातली धूळ आत गेली की ती तिथे वितळून काचेसारखी पात्यावर बसते, लेप खरवडते आणि छिद्रं बुजवते. मुंबईसारख्या किनाऱ्यावर खारी हवा धातू कुरतडते ते वेगळंच. उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणून उड्डाणाला इंजिनाचा जोर जास्त लागतो. त्यात आपल्याकडच्या विमानांच्या दिवसाला कितीतरी छोट्या फेऱ्या. इंधन वाचवायचं म्हणून ज्या इंजिनाचा गाभा आधीच जास्त तापवलाय, त्याला हे सगळं सोसायचं होतं.

गो फर्स्टच्या म्हणण्यानुसार डिसेंबर 2019 मध्ये तिच्या ताफ्यातली 7 टक्के विमानं उभी होती, तीन वर्षांनी हा आकडा 50 टक्क्यांवर गेला. उभ्या विमानाचं भाडं थांबत नाही, पार्किंग थांबत नाही, पगार थांबत नाहीत. सिंगापूरच्या लवादाने सुटी इंजिनं देण्याचा आदेश दिला, तरी ती मिळाली नाहीत असं गो फर्स्टचं म्हणणं होतं. प्रॅट अँड व्हिटनीने आरोप फेटाळले. माझ्या मते इंजिनांनी गो फर्स्टला घायकुतीला आणलं यात शंका नाही, पण सगळा ताफा एकाच इंजिनावर उभा करून हाताशी पुरेशी गंगाजळी न ठेवणं हा निर्णय तिच्याच मालकांचा होता.

पुढचं प्रकरण कोर्टात रेंगाळलं. विमानं ज्यांच्या मालकीची होती त्या, विमानं भाड्याने देणाऱ्या, कंपन्यांना ती परत मिळवायला एप्रिल 2024 उजाडला. दिल्ली उच्च न्यायालयाने तेव्हा 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. जानेवारी 2025 मध्ये कंपनी विकून टाकण्याचा निकाल लागला. कर्मचाऱ्यांचे पगार आणि प्रवाशांच्या तिकिटांचे पैसे रांगेत मागे राहिले, त्याबद्दल मात्र फार कुणी बोललं नाही.

"मग दुसऱ्या कंपनीचं इंजिन लावा की!"

ए320निओला दोन इंजिनांचा पर्याय असतो. एक जीटीएफ, दुसरं सीएफएम या कंपनीचं लीप. पण तो पर्याय विमान मागवताना असतो. इंजिन ज्या खांबाला टांगतात तो, त्याचं आवरण, नळ्या, वायरिंग, संगणकप्रणाली, सगळं निवडलेल्या इंजिनाप्रमाणे बनतं. नंतर बदल करायचा तर खर्च आणि प्रमाणपत्रांची कटकट इतकी की व्यवहारात कुणी करत नाही.

इंडिगोने पुढच्या विमानांपुरता मार्ग बदलला. जून 2019 मध्ये तिने 280 विमानांसाठी लीप इंजिनं मागवली. म्हणून 2024 च्या सुरुवातीला सत्तरच्या घरात विमानं उभी असूनही ती तगली. ताफ्यात दोन प्रकारची इंजिनं ठेवणं महाग पडतं. दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रकारचं प्रशिक्षण. पण तो खर्च तिला तारून गेला.

लीप निर्दोष आहे असं मात्र नाही. त्यात गिअर नाही, तरी गाभा तितकाच तापतो, आणि भारत-आखातासारख्या धुळीच्या प्रदेशात त्याचीही पाती अपेक्षेपेक्षा लवकर झिजली. त्यासाठी नव्या रचनेची पाती आली, त्यांना 2024 च्या अखेरीस मान्यता मिळाली. जीटीएफचीही सुधारित आवृत्ती 2025 मध्ये प्रमाणित झाली. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या रचना आणि दुखणं जवळपास सारखं. यावरून मला एवढंच दिसतं की दोघींनीही इंधनाच्या शर्यतीत गरम भागाची सहनशक्ती फार कडेला नेऊन ठेवली, आणि आपल्यासारख्या हवेत ते आधी उघडं पडलं.

"यापेक्षा जुनीच इंजिनं बरी होती"

टिकाऊपणाच्या बाबतीत हो, बरी होती. वर्षानुवर्षं पंखाखालून न उतरता ती चालली. म्हणूनच अनेक कंपन्यांनी परत करायची जुनी ए320 विमानं मुदत वाढवून ठेवून घेतली. पण ती इंधन जास्त पितात, आवाज जास्त करतात आणि आता नवी मिळत नाहीत. मागे जायचा रस्ता बंद झालेला आहे.

याची किंमत कोण देतं?

मोठा वाटा इंजिन बनवणाऱ्यांनी उचलला. एकूण फटका 6 ते 7 अब्ज डॉलरचा धरला होता. त्यातले सुमारे 3 अब्ज आरटीएक्सच्या वाट्याचे, बाकी भागीदारांचे. जर्मनीच्या एमटीयू या भागीदार कंपनीने 2023 मध्ये सुमारे 1 अब्ज युरोचा भार दाखवला. विमान कंपन्यांना भरपाई मिळते, पण ती रोख कमी आणि पुढच्या खरेदीतली सूट जास्त, अशा स्वरूपात बरेचदा असते. उभ्या विमानाने न मिळवलेलं उत्पन्न पूर्ण भरून येत नाही.

भरपाईच्या या साखळीत प्रवासी कुठेच नाही. गो फर्स्ट बंद पडली तेव्हा देशांतर्गत बाजारात तिचा वाटा सुमारे 7 टक्के होता. तेवढी आसनं बाजारातून गेली. त्यावर इंडिगोची विमानं उभी राहिली. उरलेल्या आसनांसाठी मागणी तीच, म्हणून भाडं चढलं. इंडिगोने तुर्कस्तानहून आणि इतर ठिकाणांहून विमानं भाड्याने आणली, ती स्वतःच्या विमानापेक्षा महाग पडतात. आणि विमानं कमी पडली की आधी काट बसते ती छोट्या शहरांच्या फेऱ्यांवर, कारण तिथे नफा सर्वांत कमी. मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाला चार पर्याय उरतात, आठवड्यातून तीनच उड्डाणं असलेल्या गावाला एकही उरत नाही.

आता पुढे काय मागायचं?

दुरुस्ती देशात होणं ही पहिली गोष्ट. नोव्हेंबर 2025 मध्ये हैदराबादला सफ्रान या फ्रेंच कंपनीच्या लीप इंजिन दुरुस्ती केंद्राचं उद्घाटन झालं. 2035 पर्यंत वर्षाला 300 इंजिनं हाताळण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. जुलै 2024 पासून विमानांच्या सुट्या भागांवर सरसकट 5 टक्के जीएसटी लागू झाला, त्याने असं काम इथे परवडू लागलं. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या इंजिनांचं काम करण्याची सोय आधीपासून आहे. पुण्याच्या भारत फोर्जने रोल्स-रॉइसच्या इंजिनांसाठी पंख्याची पाती घडवण्याचा करार केलाय. घडाईचं कसब आपल्याकडे आहे. डिस्कसारख्या भागासाठी लागणारं धातूचं पीठ आणि त्याची कडक तपासणी ही त्याच्या पुढची पायरी, आणि ती चढायला दहा-पंधरा वर्षांचा धीर लागेल. निवडणुकीच्या हिशेबात बसणारं हे काम नाही, तरी ते आता सुरू व्हायला हवं.

दुसरी गोष्ट आज उद्या होऊ शकते. इंडिगो दर तिमाहीला गुंतवणूकदारांशी बोलताना किती विमानं जमिनीवर आहेत ते सांगते. हीच माहिती डीजीसीएने प्रत्येक कंपनीकडून घेऊन दरमहा प्रसिद्ध करावी, उड्डाणांच्या वक्तशीरपणाचे आकडे करते तशी. गो फर्स्टची अर्धी विमानं उभी होती तेव्हाही ती पुढच्या महिन्यांची तिकिटं विकत होती. लग्नासाठी, परीक्षेसाठी, उपचारासाठी तिकीट काढणाऱ्याला तो 50 टक्क्यांचा आकडा समोर दिसला असता, तर कित्येकांनी आपले पैसे वेगळ्या खिडकीवर दिले असते.